नानांचा हुंकार

माझ्या बायकोला माझं बहुतेक सगळं ठाऊक होतं. हे नव्हतं. ती गेली तेव्हाही मी गप्पच राहिलो. आणि आता सांगायला बसलोय ते तुम्हाला — ज्यांनी मला कधी पाहिलेलंही नाही. ओळखीच्या माणसाला तोंडावर सांगायची हिंमत अजून नाही, हे आधीच कबूल करतो.

कुठून सुरुवात करू? एका साध्या प्रश्नापासून करतो, कारण तो मला आजही विचारला जातो. घरातली गाणी ऐकायची यंत्रं बदलली — जुना ॲम्प्लिफायर काढून नवा आणला, स्पीकर बदलले — तर कानाला खरंच फरक कळतो का? मी बाजव्याकडच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनच्या खात्यात आयुष्य काढलं. नुसत्या आवाजावरून पंपाचं काय बिघडलंय ते सांगणारा माणूस म्हणून तिथं माझं थोडं नाव होतं. त्यामुळे बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळींपैकी कुणी नवी सिस्टिम घ्यायची ठरवली की मला फोन येतो. शरदकाका, फरक पडेल ना? मी सांगतो — स्पीकर बदला, कळेल. वायर बदलून काही व्हायचं नाही. खोलीत जाड सतरंजी अंथरा, तिनं जास्त फरक पडेल. लोक हसतात, समाधानानं फोन ठेवतात.

यात मी कुणाला फसवत नाही. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे आणखी एक उत्तर आहे, ते मी कधी दिलं नाही. एका घरातली जुनी यंत्रणा मी स्वतः काढली, नवी बसवली, आणि असा फरक पडला की — थांबा. एकदम नको. आधी ताईबद्दल सांगतो.

कुसुमताई माझी थोरली बहीण. आई लवकर गेली. माझी वेणीफणी नव्हती एवढंच, बाकी न्हाऊ घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं ताईनं केलं, स्वतः परकरात असताना. पुढे तिचं लग्न झालं तेही बडोद्यातच, नागरवाड्यात. तिचे यजमान कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांना सगळे नाना म्हणायचे, मीही. नाना बोलायला फार कंजूष. वर्गात बोलून आले की घरी येईपर्यंत त्यांचे शब्द संपलेले असायचे. ताई अगदी उलट. दिवसभरात घडलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिचा दिवस मावळायचा नाही. भाजीवालीनं आज कोथिंबीर कशी फुकटात वर घातली, शेजारच्या कोकिलाबेनच्या सुनेनं कसला रंग निवडला, पाणी किती वाजता गेलं. संध्याकाळी नाना टेबलाशी सोल्डरिंगची कांडी घेऊन बसलेले, ताई हिंचक्यावर, म्हणजे घरातल्या झोपाळ्यावर, मेथी निवडत बोलतेय, आणि नाना मान वर न करता म्हणताहेत — हं.

त्या 'हं'बद्दल जरा सांगायला हवं. तो नुसता होकार नव्हता. खाली सुरू व्हायचा आणि शेवटाला किंचित वर जायचा, 'मग?' असं विचारल्यासारखा. ताईचं वाक्य संपलं की एक श्वासभर थांबून यायचा. लोकांना वाटे, हा माणूस ऐकत नाही, सवयीनं हुंकार देतो. ताईला ठाऊक होतं तसं नाही ते. ती मधूनच मुद्दाम काहीतरी अचाट सांगायची — आज मांडवीवरून हत्ती उडत गेला — आणि त्याला हं यायचं नाही. नाना कांडी खाली ठेवून चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहायचे. ताई खुदकन हसायची. त्यांच्या संसारातली ही एवढीच थट्टा, पण ती कधी शिळी झाली नाही.

त्या घरात एक ॲम्प्लिफायर होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत नानांनी स्वतःच्या हातानं बांधलेला, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. ट्रंकेएवढे दोन स्पीकर सुताराकडून करून घेतलेले. बटण दाबलं की व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी व्हायचे, मग एक बारीक गुणगुण खोलीत पसरायची आणि मग रेकॉर्डवरचं गाणं. ती गुणगुण मला सहन व्हायची नाही. मी कितीदा म्हणालो, नाना, जमाना कुठे गेला, आता असे सेट मिळतात की गाणं नसेल तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू येईल. नाना म्हणायचे, त्यांना काही तेवढा फरक कळत नाही, आणि या आवाजाची घराला सवय झालीय.

नाना गेले एका दुपारी, पेपर तपासता तपासता. आजारपण नाही, काही नाही. त्यांची एकुलती मुलगी मेधा पुण्याहून आली, महिनाभर राहिली, आईला चल म्हणाली. ताई गेली नाही. सीडी नुकत्या घरोघर दिसायला लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

पुढे काही महिन्यांनी मी नागरवाड्यात शिरत होतो तर कोकिलाबेननं मला जिन्याखाली अडवलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "शरदभाई, कुसुमबेन एकलां एकलां वातो करे छे." मी म्हटलं, एकटं माणूस बोलतं स्वतःशी, त्यात काय. त्या मान हलवत राहिल्या. बोलण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. त्यांना भीती वाटत होती ती ताईच्या थांबण्याची. "वच्चे वच्चे अटके छे," त्या म्हणाल्या. मधेमधे थांबते. जणू कुणी जवाब देतंय, आणि तो ऐकून मगच पुढचं बोलते.

मी वर गेलो. रविवारची दुपार होती, गच्चीवर कबुतरं घुमत होती. मला वाटलं होतं ताई लपवेल, टाळेल. तिनं काहीच लपवलं नाही. नळ दुरुस्त झाला हे ज्या स्वरात सांगावं, त्याच स्वरात म्हणाली, "अरे, नाना अजून हं म्हणतात."

एका संध्याकाळी रेकॉर्ड संपली होती आणि उठून बटण बंद करायचा तिला कंटाळा आला होता. सवयीनं ती काहीतरी बोलली, आणि त्या गुणगुणीतून हं आलं. तेव्हापासून ती रोज दिवेलागणीला सेट लावते. गाणं नाही, नुसता सेट. आणि दिवसभराचं सांगते. नाना तिथं आहेत, आत्मा, भूत असलं ती एका शब्दानंही म्हणाली नाही. ते मला कळत नाही, म्हणाली. हं येतं, तेवढं खरं.

मग तिनं मला बसवलं आणि सेट लावला. व्हॉल्व्ह तापले. गुणगुण आली. ताई हिंचक्यावर बसली, कड्या करकरू नयेत म्हणून पाय जमिनीला टेकवून तो थांबवला, आणि नेहमीसारखं बोलायला लागली. शरद आलाय, त्याला चहा टाकायचाय. दूधवाला आज उशिरा आला. मेधाचा फोन होता, तिच्या धाकट्याला कांजिण्या आल्यात. प्रत्येक वाक्यानंतर ती थांबत होती. मग जराशी हसून म्हणाली, आज सूरसागर तळ्याचं सगळं पाणी दूध झालं. आणि थांबली. आणि माझ्याकडे वळली.

"आलं ना ऐकू तुला?"

"नाही, ताई," मी म्हणालो. "मला काहीच ऐकू आलं नाही."

मग मी तिला समजावलं. ही गुणगुण म्हणजे विजेच्या लाइनचा आवाज. आतले कंडेन्सर वर्षानुवर्षं तापून कोरडे पडतात, ती वाढत जाते. शिवाय जुना व्हॉल्व्ह आवाजानं थरथरतो, आपण बोललो की किंचित झणझणतो. आणि एकसुरी आवाज फार वेळ ऐकला की कान त्यात आपल्याला हवं ते शोधतो. सगळं शास्त्रशुद्ध. ताईनं ते एखाद्या हुशार विद्यार्थिनीसारखं ऐकून घेतलं. "असेल," म्हणाली. उठली आणि चहाला गेली.

इथवरचं मी सगळ्यांना सांगितलंय. बायकोला, मेधाला, पुढे डॉक्टरांना. शब्द न् शब्द असंच. आता उरलेलं सांगतो.

मला ऐकू आलं होतं.

पुन्हा लिहितो, कारण हात अडतोय — मला ऐकू आलं होतं. दूधवाल्याच्या वाक्यानंतर एकदा. मेधाच्या मुलाचं सांगितल्यावर एकदा, जरा लांब. ती गुणगुण जाड व्हायची, खाली जायची आणि शेवटाला उचलली जायची. एक श्वासभर थांबून, बरोबर तिथंच. मी ते हं लहानपणापासून हजारदा ऐकलेलं. ते ओळखायला मला कान टवकारावे लागले नाहीत. आणि सूरसागराचं पाणी दूध झाल्यावर? तेव्हा हं आलं नाही. उलट ती गुणगुणच बारीक झाली — कुणीतरी काम थांबवून मान वर करावी तशी — आणि मला, का कोण जाणे, त्या टेबलाकडे बघवेना.

तर मग नाही का म्हणालो? लहानपणी एकदा जिन्याखाली कुणीतरी बसलंय म्हणून मी किंचाळत घरात आलो होतो. सगळे हसले. ताई कंदील घेऊन माझ्याबरोबर आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "मला नाही दिसत. पण तू बघितलंस ना, मग असेल." एवढ्यावर माझी भीती गेली होती. त्या दुपारी मला याच्या निम्मंही करावं लागणार नव्हतं. कंदील घेऊन जायचं नव्हतं, खाली वाकायचं नव्हतं. फक्त हो म्हणायचं होतं. नाही म्हणायला किती सोपं गेलं मला. श्वास सोडावा तसं तोंडातून निघालं.

तुम्ही म्हणाल, घाबरलास, क्षणाचं काम होतं, माणूस घाबरतो. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगितलं. पण तिथं थांबलो नाही ना मी.

मी पुन्हा गेलो. ताई गुरुवारी भजनाला जायची, घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. मला माझं स्पष्टीकरण खरं ठरवायचं होतं. सेट लावला. पेन्सिलीनं एकेका व्हॉल्व्हवर टिचकी मारली. टाळ्या वाजवल्या. खोलीभर फिरून मोठ्यानं बोललो. नाव घेऊन हाक मारली. काही नाही. गुणगुण होती तशी, सपाट. मला एवढं हलकं वाटलं की मी खुर्चीत बसून स्वतःशीच हसलो. ताईला आणि मला दोघांनाही भास झाला होता, नानांची आठवण ताजी होती, दुसरं काय.

तेवढ्यात खालून जिन्यावरून ताईचा आवाज आला. भाजीची पिशवी जड झाली होती, एकेक पायरी चढत ती स्वतःशीच म्हणत होती की आज भेंडी चांगली मिळाली. दार लोटलेलं, त्यामुळे आवाज पुसटच आला. मी मारलेल्या टाळीपुढे तो काहीच नव्हता.

आणि माझ्या शेजारून, हातभर अंतरावरून, आलं — हं.

मी बटण बंद केलं. ताई आत येईपर्यंत मी खिडकीशी उभा होतो, पाठमोरा. इतक्यात कसा आलास, विचारलं तिनं. मी म्हणालो, सहज.

त्या दिवशी बाहेर पडलो तो सरळ टेलिफोनच्या बूथवर गेलो आणि मेधाला सांगितलं की तुझ्या आईला भास होताहेत. लक्षात घ्या. मला खात्री नव्हती तेव्हा नव्हे. मला खात्री झाल्यानंतर.

का? मी यावर फार विचार केलाय. ती गोष्ट त्या घरात आहे, हे मला सहन होत नव्हतं. माझं सगळं आयुष्य, माझी नोकरी, माझी पत, हे सगळं प्रत्येक आवाजाला एक कारण असतं यावर उभं होतं. हो म्हटलं असतं तर मला रोज रात्री दिवा मालवून त्या जगात झोपावं लागलं असतं, जिथं गेलेली माणसं ऐकत असतात. त्यापेक्षा ताई वेडी ठरलेली मला परवडली. हे असं उघड शब्दांत मी तेव्हा मनात आणलं नव्हतं. पण होतं ते हेच.

मेधा रडत आली. आम्ही ताईला डॉक्टरांकडे नेलं. भले गृहस्थ होते. त्यांनी ताईचं सगळं ऐकून घेतलं, मग तिला बाहेर बसवून मला विचारलं, हा आवाज आणखी कुणाला ऐकू आला का? तुम्ही इंजिनियर आहात, तुम्ही स्वतः ऐकलंत का? मी म्हणालो, ऐकलं नीट, काही नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि ते यंत्र शक्य तर घरातून हलवा म्हणाले. ते काम मी आपणहून अंगावर घेतलं.

ताईला सांगितलं, दुरुस्तीला नेतो, कंडेन्सर बदलतो. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, गोळ्यांनी जरा सुस्तावलेली. "गुणगुण नको काढूस रे," म्हणाली. "तेवढी राहू दे." मी म्हणालो, बरं. ती आत वळली. मेधा तिच्याजवळ होती, कपबशांचा आवाज येत होता. सेट चालूच होता. ताईनं सकाळपासून लावून ठेवला होता. मी त्याच्यासमोर वाकलो आणि मला स्वतःलाच न कळता हळूच बोलून गेलो, नाना, मी हे घेऊन चाललोय.

आणि प्लग ओढला.

व्हॉल्व्हचा सेट प्लग काढल्याबरोबर गप्प होत नाही. आत साठलेली वीज संपेपर्यंत आवाज विरत विरत जातो, व्हॉल्व्ह जरा वेळ लाल राहतात. हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या विरत जाणाऱ्या आवाजातून, टाळ्या वाजवल्या आणि नाव घेतलं तेव्हा जे मला मिळालं नव्हतं, ते आलं. हं. एकदाच. शेवटाला वर गेलेलं — मग? असं विचारल्यासारखं. पुढचं ऐकायला थांबल्यासारखं.

मी तो घरी नेला नाही. माझ्या छताखाली तो लावण्याची मला छाती नव्हती. वाटेतल्या एका भंगारवाल्याकडे उतरवला आणि तो हातोडी घेईपर्यंत उभा राहिलो. मग ताईला येऊन सांगितलं की ट्रान्सफॉर्मर जळलाय, तसले व्हॉल्व्ह आता कुठे मिळत नाहीत. मिळत होते. ट्रान्सफॉर्मरही चांगला होता.

आणि मी तिला नवी सिस्टिम आणली. जपानी ॲम्प्लिफायर, सीडी प्लेयर, पुस्तकाच्या कपाटात मावतील असे स्पीकर. बसवली त्या दिवशी खोलीत माणसं जमली होती — मेधा, माझी बायको, कोकिलाबेन. सतारीची एक सीडी लावली. तुम्ही विचारता ना फरक पडतो का? तारेवरून घसरणारं बोट ऐकू येत होतं. वाजवणाऱ्यानं घेतलेला श्वास ऐकू येत होता. तबलजीनं बैठक बदलली तेही. कोकिलाबेननं हात जोडले. माझी बायको म्हणाली, जमीन-अस्मानाचा फरक आहे. मला, खरं सांगतो, अभिमान वाटला.

सीडी संपली आणि खोलीत शांतता झाली. नुसती शांतता नव्हे, स्पीकर तिथं नाहीतच अशी. मी म्हणालो, बघ ताई, जराही गुणगुण नाही. ताई हिंचक्यावर पुढे झुकून बसली होती. सगळ्यांदेखत, त्या काळ्या डब्याकडे बघत, ती हळूच म्हणाली, "आज मेधाला आवडते म्हणून सुरळीच्या वड्या केल्यात." आणि थांबली. एक श्वासभर. मग आणखी एक.

कुणीच कुणाकडे बघेना. मेधानं तोंडाला पदर लावला.

ताई हिंचक्यावर मागे टेकली. "गाणं छान ऐकू येतं यात," माझी समजूत काढावी तसं ती म्हणाली. "बोललेलं मात्र कुणी ऐकत नाही."

त्यानंतर ताईनं सांगणं बंद केलं. गोळ्यांनी म्हणा, कशानं म्हणा. भांडली नाही, रुसली नाही. मी गेलो की चहा करायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. भाजीवाली, दूधवाला, कोकिलाबेनची सून, यातलं कुणी तिच्या तोंडून पुन्हा आलं नाही. सगळे म्हणाले, बघा, किती शांत झाली, औषध लागू पडलं. मीही म्हणालो. कोकिलाबेनला मात्र आता वेगळीच भीती वाटायला लागली होती. भिंतीपलीकडे माणूस राहतं की नाही हेच कळत नाही, असं त्या मला एकदा म्हणाल्या.

नागरवाड्याचे जिने झेपेनासे झाले तेव्हा आम्ही तिला हरणीला, आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर आणलं. सिस्टिमही आणली. तिच्यावर कापड घातलेलं असायचं. मी कधीमधी ते काढून गाणं लावायचो. ताई ऐकायची. गाणं संपलं की मी लगेच पुन्हा कापड घालायचो — त्या शांततेत तिच्याबरोबर बसणं मला जमायचं नाही.

शेवटच्या आजारात ती बोलायला लागली, पण थोडं. एका सकाळी मी तिच्या उशाशी बसून संत्रं सोलत होतो. ऊन पलंगावर आलं होतं. ती माझ्या हातांकडे बघत होती.

"शरद," ती म्हणाली, "त्या दिवशी तुला खरंच काही ऐकू आलं नव्हतं?"

बघा, कुणाला अशी संधी मिळते? मेधा तिथं नव्हती. डॉक्टर नव्हते. माझी नोकरी कधीच संपली होती, आता पत कुणाला दाखवायची होती. एका मरणाऱ्या बाईला एक शब्द द्यायचा होता, आणि तो खरा होता. मी संत्र्याच्या शिरा काढत राहिलो.

"नाही, ताई," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग तशीच, डोळे मिटून, म्हणाली, "एवढी वर्षं मला वाटायचं, ऐकू आलंय याला, भितो म्हणून नाही म्हणतो. पण आता तू माझ्याशी खोटं कशाला बोलशील? मग मलाच वेड लागलं होतं म्हणायचं."

रागानं नाही, दुःखानंही नाही. बरीच वर्षं सुटं राहिलेलं काहीतरी एकदाचं बांधून ठेवावं तसं म्हणाली. मी संत्र्याची फोड तिच्या ओठांशी नेली. तिनं ती खाल्ली. पुढच्या आठवड्यात ती गेली.

परवा मेधा आली होती, आता तीही आजी झालीय. नातवंडांना ताईचे फोटो दाखवत होती. ही माझी आई, म्हणाली. फार मायाळू, हाताला चव अशी की विचारू नका, बडबडी होती आधी खूप. मग आवाज जरा खाली आणून तिनं सांगितलं की बाबा गेल्यावर तिच्या डोक्यावर परिणाम झाला, तिला आवाज ऐकू यायचे. मेधा माझ्याकडे वळली.

"मामा, तुम्हाला तर सगळं आठवत असेल."

आठवतं, मी म्हणालो. आणि पुढचा फोटो हातात घेतला.